नदीत माशांच्या जाती किती आहेत, याने पैशात काही फरक पडतो का?

तुमचं म्हणणं असं, की बाजारात रोहू, कटला, चिलापी एवढंच विकलं जातं. मग नदीत पन्नास जाती असल्या काय नि पाच असल्या काय! मी काही वर्षं भिगवणच्या बाजारात मासळीच्या आडतीवर हिशेब लिहिलेत, म्हणून भीमा नदी आणि तिच्यावरच्या उजनी धरणापुरतं सांगतो.

फरक पडतो. तो टनांत दिसत नाही, भावात आणि खर्चात दिसतो.

चिलापीच घ्या. मूळची आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणलेली. घाण पाण्यातही तगते, पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे क्रेटवर क्रेट भरतात. पण दाटी झाली की ती खुजी राहते, आणि बारक्या चिलापीला कोण भाव देणार? त्याच जाळ्यात दोन-चार मरळ किंवा वाम लागली की भोयाची त्या दिवसाची मजुरी सुटते. मरळ वरची हवा घेते, त्यामुळे थोड्या पाण्यातही पुण्यापर्यंत जिवंत पोचते. जिवंत माशाचा भाव वेगळाच असतो.

आता खर्च. रोहू, कटला, मृगळ हे आपल्याकडे बाहेरून आलेले. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साठलेल्या धरणात ते जमत नाही. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, विकत आणून सोडत राहावी लागतात. कोळस, शिंगटी, अळकूट या इथल्याच माशांचं बीज कुणी कधी विकत आणलंय? आणि ही बारकी मासळी आडतीवर फारशी येतच नाही. आठवडी बाजारात वाटे लावून विकली जाते, नाहीतर घरी वाळवली जाते. माझ्या वहीत तिचा आकडा नसायचा, म्हणून सरकारी टनांतही ती नीट सापडेल असं मला वाटत नाही. पण गरिबाच्या कालवणात तीच असते.

कर्नल साइक्स यांनी 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, त्यात खुद्री महसीर हा मोठा नदीतला मासा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला आहे. आज तिथे महसीर शोधायला जाऊ नका. पुण्याचं सांडपाणी त्याच नदीने उजनीत येतं. त्यात भर म्हणजे ‘वडाप’ नावाची बारीक जाळी पिल्लांसकट सगळं ओढून काढते. अशा पाण्यात चिलापीच माजणार.

‘मग बीज सोडून जाती वाढवू’ असं म्हणणारे भेटतात. कोणतं बीज, हे आधी विचारा. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात 1970 च्या दशकापासून खुद्री महसीरची पैदास होते. काम चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो खुद्री कावेरीतही सोडला गेला, आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे पडत गेला. 2018 साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. याच कुबड्या महसीरसाठी परदेशातून गळवाले कावेरीवर यायचे, मासा पकडून परत पाण्यात सोडायचे, आणि काठच्या लोकांना वाटाड्याचं, राखणीचं काम मिळायचं. म्हणजे मासा न मारताच पैसा यायचा.