वासुदेव काढला तर नाटकाचे काय होते?

प्रश्न : आम्ही सांगलीतील हौशी रंगकर्मी आहोत. २०१९च्या महापुरावर आम्ही एक एकांकिका बसवली. तिच्या आरंभी वासुदेव येतो आणि शेवट संबळाच्या साथीने गोंधळाने होतो. एका स्पर्धेत परीक्षकांनी ‘लोककलेची ठिगळे लावली आहेत’ असा शेरा दिला. जपान-चीनमधील रंगकर्मी परंपरेचा आधार घेतात, तेव्हा त्यांची वाहवा होते. मग आम्ही केले की ती ठिगळे कशी? की आजच्या विषयाला परंपरा मानवतच नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण पत्रासोबत संहिता पाठवलीत, हे फार बरे केलेत. ती मी दोनदा वाचली, आणि दुसऱ्या वेळी वासुदेवाचा प्रवेश मुद्दाम वगळून वाचली. कथेला कोठेही धक्का लागला नाही. परीक्षकांचा शब्द आपल्याला लागला असेल, तो थोडा सौम्य असता तर बरे झाले असते. परंतु त्यांनी बोट ठेवले ते योग्य जागी, असे मला वाटते. गोंधळाची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

परंपरा म्हणजे काहीतरी जुने, ठरलेले आणि शुद्ध, अशी समजूत आपल्या प्रश्नामागे दिसते. निदान सांगलीकरांनी तरी ती बाळगू नये. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आले. आज ज्याचे स्मरण आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन म्हणून करतो, ते त्या काळी अगदी नवे होते, आणि शेजारच्या भाषेतून घेतलेलेही होते. भाव्यांनी काय घेतले, हे पाहण्यासारखे आहे. सूत्रधाराने पदे म्हणायची आणि पात्रांनी त्यांच्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे, ही खेळ चालवण्याची रीतच त्यांनी उचलली. ती काढली असती, तर ‘सीतास्वयंवर’ उभेच राहिले नसते.

जपानचे म्हणाल, तर तेथील आधुनिक रंगभूमीने आरंभी परंपरेकडे चक्क पाठ फिरवली होती. १९२४ मध्ये तोक्योत त्सुकिजी नाट्यगृह सुरू झाले, तेव्हा तेथील दिग्दर्शक ओसानाई काओरू यांनी पहिली दोन वर्षे केवळ परदेशी नाटकांचे अनुवाद करण्याचे ठरवले. परंपरेकडे नव्या नजरेने पाहणारे दिग्दर्शक तादाशी सुझुकी फार पुढचे. ते १९७६ मध्ये राजधानी सोडून तोगा या डोंगराळ गावी गेले आणि तेथील एका जुन्या शेतकरी घराचे त्यांनी नाट्यगृह केले. त्यांनी ग्रीक शोकांतिका केल्या, पण ‘नो’ या जपानच्या जुन्या मुखवटानाट्यातून त्यांनी मुखवट्यापेक्षा महत्त्वाचे काही घेतले. ते म्हणजे पाऊल. नो नट टाच न उचलता पाऊल सरकवत चालतो, अंगातला सारा जोर कमरेखाली ठेवतो, आणि मधूनच पाय आपटतो. पारंपरिक नो रंगमंचाच्या फळ्यांखाली मातीचे मोठे रांजण ठेवलेले असतात, त्यामुळे तो आवाज घुमतो. सुझुकींच्या तालमीत नट कंबर स्थिर ठेवून संगीताच्या ठेक्यावर बराच वेळ पाय आपटत राहतात, ठेका थांबला की जमिनीवर कोसळतात आणि मग संथ सुरावर हळूहळू उठतात. अशा तालमीतून आलेली नटी ट्रॉयची राणी होऊन उभी राहते, तेव्हा प्रेक्षकाला ‘हे जपानी लोककलेतून घेतले’ असे दाखवून द्यावे लागत नाही. आपला वासुदेव मोरपिसांची टोपी आणि चिपळ्या दाखवून निघून जातो. फरक पडतो तो येथे.

चीनमध्ये मेई लानफांग यांच्यासारख्या पेकिंग ऑपेराच्या (तेथील पारंपरिक संगीतनाट्याच्या) थोर नटाने १९१० च्या दशकात समकालीन वेशातली नाटकेही करून पाहिली होती, म्हणजे आजच्या विषयाचा मोह परंपरेतल्यांनाही होतो. पण एवढे लांब जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाचे लोकनाट्य केले, तेव्हा आरंभीच्या गणाची जागा तशीच राखली आणि वंदन कोणाला करायचे, ते बदलले. गणपतीच्या जागी मातृभूमी आणि तिच्यासाठी झुंजलेले लोक आले. प्रेक्षकाचा कान जुन्या जागी होता, म्हणूनच नवे वंदन त्याला झटकन कळले. ‘घाशीराम कोतवाल’मधील ब्राह्मणांची गाणारी रांगही अशीच आहे, तीच भिंत होते, तीच पडदा होते, मागे घडणारे पाप तीच झाकते. ती रांग काढून टाका, ते नाटक उरणार नाही.

आता गोंधळ. गोंधळात दिवटी पेटते, संबळ-तुणतुणे वाजू लागते, आणि गोंधळी एकेका ठिकाणच्या देवतेला नाव घेऊन आवतण देतो. महापुरावरील नाटकाला याहून नेमकी रचना मला तरी सुचत नाही. आपण मात्र तो शेवटी, सगळे सांगून झाल्यावर, वातावरणनिर्मितीसाठी ठेवला आहे. तो आरंभी आणा. देवतांच्या आवतणाच्या चालीवर गावांना बोलवा : हरिपूर, सांगलवाडी, भिलवडी, अंकलखोप. नाव घेतलेल्या गावाचे माणूस दिवटीच्या उजेडात यावे आणि त्याने आपल्या घरात पाणी कोठवर चढले, ते सांगावे. एखाद्या गावाला आवतण द्यावे आणि कोणीच येऊ नये. अशा वेळी संबळ थांबला, तर त्या शांततेसाठी वेगळे पार्श्वसंगीत लागणार नाही.

एक विनंती आहे. संबळ ध्वनिमुद्रित वापरू नका. गोंधळ हा कुळाचार आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी माणसे आपल्या आसपास आहेत. त्यांना योग्य मानधन देऊन तालमीला बोलवा आणि आवतण कोणत्या क्रमाने द्यायचे, दिवटी कोणी धरायची, रंगमंचावर काय केलेले त्यांना चालणार नाही, हे आधी विचारून घ्या. संहितेचा नवा खर्डा त्यानंतर लिहायला घ्यावा.