मेलेल्या नराची पिल्लं कशासाठी?

प्रश्न : प्राणिसंग्रहालयात दुर्मीळ प्राण्यांची पिल्लं होतच असतात. मग मेलेल्या नराचं वीर्य गोठवून ठेवायचा खटाटोप कशाला? आणि स्त्रीबीजं तशीच का ठेवत नाहीत?
– जीवशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : पिल्लं होतात, पण कोणाची होतात ते बघा. एखादा नर मादीशी लगेच जुळतो. दुसऱ्याला मादी जवळही येऊ देत नाही, आणि तो निपुत्रिकच मरतो. फक्त त्याच्याकडेच असलेली जनुकं त्याच्याबरोबर जातात. नर-माद्या मिळून जेमतेम १० प्राणी वीण करत असतील, तर गणिताने दर पिढीला सुमारे ५ टक्के जनुकीय विविधता गळते. पिंजरे मात्र भरलेले दिसतात.

मला यात नेहमी काळ्या पायांचा फेरेट आठवतो. अमेरिकेतला हा मुंगसाएवढा शिकारी प्राणी नामशेष झाला असं धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये तो पुन्हा सापडला. १९८७ पर्यंत उरलेले १८ पकडून आणले, आणि पुढचा सगळा वंश त्यांतल्या सातांवरून चालला. त्या १८ मधला एक नर म्हणजे स्कारफेस. तो मेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, सुमारे २० वर्षं गोठवून ठेवलेल्या त्याच्या वीर्यातून पिल्लं जन्मली. बाप पिढ्यान्‌पिढ्या मागे असूनही त्याचा वाटा वंशात परत आला. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

मी पशुवैद्यक, गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधून गोठलेल्या वीर्याची कांडी काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पळताना बघायचे. ग्लिसरॉल या दाट, गोडसर द्रवामुळे हे शक्य झालं. त्याचा हा गुण १९४९ मध्ये लक्षात आला. पेशीतलं पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक होऊन तिला फाडतात, ते त्यामुळे कमी होतात. पण वळूचं वीर्य गोठवण्याची कृती दुसऱ्या प्राण्याला चालेलच असं नाही. डुकराचे शुक्राणूसुद्धा थंडीला फार हळवे असतात. म्हणून प्रत्येक जातीची कृती नव्याने शोधावी लागते, आणि दुर्मीळ प्राण्यात प्रयोगाला नमुनेच मिळत नाहीत.

स्त्रीबीज मोठं, पाण्याने भरलेलं. शिवाय मिळतात थोडी, आणि तीही मादीला भूल देऊन. अतिवेगाने, स्फटिक होऊच न देता ती गोठवता येतात, पण बहुतेक वन्यप्राण्यांत हे अजून हातात बसलेलं नाही.

एक सांगतो, अजून सलतं. एका संग्रहालयातला म्हातारा नर रात्री गेला, मला निरोप सकाळी उशिरा. देह उन्हात पडला होता. नमुना काढला, काचेवर घेतला. एकही शुक्राणू हलत नव्हता. त्या नराला पिल्लू नव्हतं.

मृत्यूनंतर वृषणाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीत शुक्राणू काही तास जिवंत राहतात. वृषणं लगेच काढून ४ अंशांच्या आसपास थंड ठेवली, पण गोठू दिली नाहीत, तर प्रयोगशाळेपर्यंत पोचवायला वेळ मिळतो. तुम्ही पुढे अशा कामात आलात, तर प्राणी आजारी पडला त्याच दिवशी थंड डबा आणि प्रयोगशाळेचा फोन नंबर तयार ठेवा.