दाब कमी आला, पण गळती कशामुळे?

खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना लघवी गळते, त्याला डॉक्टर स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स म्हणतात. त्यावर प्रयोगशाळेत प्राण्यांवर जे काम चालतं, त्याबद्दल या वेळी चार पत्रं आली आहेत.

परळहून पीएचडीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: आम्ही मादी रॅटच्या योनीत कॅथेटरचा फुगा फुगवून बाळंतपणासारखी इजा करतो आणि ४ दिवसांनी लीक पॉइंट प्रेशर (बोटाने पोट दाबल्यावर ज्या दाबाला लघवी गळू लागते तो) मोजतो. एकाच प्राण्यात लागोपाठची रीडिंग २० पासून ४५ सेंमी पाण्यापर्यंत उड्या मारतात. सरासरी घेतली तर चालेल का?

उत्तर: इतक्यात सरासरी घेऊ नका. आधी एकेका रीडिंगचा आलेख उघडा आणि पोटावरून बोट उचलल्यानंतर काय झालं ते पाहा. बोट उचलताच दाब झटकन मूळ पातळीवर आला, तर ते रीडिंग घ्या. बोट उचलूनही दाब वरच राहिला किंवा आणखी चढला, तर मूत्राशयाचा स्नायू स्वतःच आकुंचन पावला आहे. तेव्हा प्राणी लघवी करत होता, गळती झालेली नव्हती. ते रीडिंग सरळ बाद करा. मूत्राशय शांत असताना मूत्रमार्ग बाहेरचा किती दाब अडवून धरतो, एवढंच ही चाचणी सांगते. मूत्राशय शांत होतं याचा पुरावा आलेखात नसेल, तर आकडा कितीही नीटनेटका दिसो, त्याला अर्थ नाही.

दाबण्याआधी मूत्राशय किती भरता, हेही तपासा. सुरुवातीला ताशी ५ मिली वेगाने साधं सलाईन सोडून त्या प्राण्याची क्षमता काढा, मग निम्म्यावर थांबून दाबा. काठोकाठ भरलेलं मूत्राशय जरा धक्का लागला तरी आकुंचन पावतं. बोटाचा दाब हळूहळू, एकसारखा वाढवा, पहिला थेंब दिसताच हात काढा आणि शिखरातून मूळ दाब वजा करा. दोन दाबांमध्ये मूळ पातळी स्थिर होऊ द्या. सहा ते आठ चांगली रीडिंग मिळाली की मग खुशाल सरासरी काढा. दाबणाऱ्याला प्राणी कोणत्या गटातला हे ठाऊक नसावं. माहीत असलं की हात नकळत हलका किंवा जड पडतो.

नळीकडे फार कमी जण लक्ष देतात. ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारं उपकरण) आणि कॅथेटरच्या मध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी शिखर बोथट होतं आणि दाब खोटा कमी दिसतो. थ्री-वे कॉक (नळ्या जोडणारी तीन तोंडांची तोटी) हवा काढून भरा, ट्रान्सड्यूसर मूत्राशयाच्या उंचीवर ठेवा आणि रोज सकाळी पाण्याच्या उभ्या स्तंभावर ० व १०० सेंमीला जुळवून घ्या. यंत्र मिमी पाऱ्यात दाखवत असेल तर १.३६ ने गुणा. सलाईन सोडणारा पंप चालू असताना नळीचा स्वतःचा रोधही आकड्यात मिसळतो. ३० सेंमी लांबीच्या पीई-५० (बारीक पॉलिथिलीन) नळीत, ताशी ५ मिलीला, तो दीड सेंमी पाण्याच्या आसपास असतो. त्याहून बारीक पीई-१० नळीचा आतला व्यास त्याच्या जेमतेम निम्मा, पण रोध जवळजवळ १८ पट. म्हणून दाबताना पंप बंद ठेवा.

कॅथेटर मूत्राशयाच्या वरच्या टोकातून, पर्सस्ट्रिंग टाका (बटव्याच्या नाडीसारखा गोल आवळणारा) घालून, चाचणीच्या दोन दिवस आधी बसवा. त्याच दिवशी बसवलं तर भिंत सुजलेली असते आणि क्षमता घटते. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक द्यायलाच हवं, पण अफूवर्गातलं औषध लघवीची प्रतिक्षिप्त क्रिया दडपतं. दोन दिवसांच्या अंतराचा तिथेही उपयोग होतो.

भुलीसाठी युरेथेन वापरा, किलोमागे १.२ ग्रॅम, पोटाच्या पोकळीत टोचून. आयसोफ्लुरेन किंवा केटामाइनखाली ही प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, युरेथेनखाली बरीचशी टिकते. मात्र युरेथेन कर्करोगकारक आहे. द्रावण हातमोजे घालून फ्युम हुडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. या भुलीतून प्राण्याला पुन्हा उठवायचं नसतं, हे आधीच योजनेत धरा. शरीराचं तापमान ३७ अंशांवर ठेवायला हीटिंग पॅड लागतोच.

आणि दुसऱ्या प्रयोगशाळेच्या ‘नॉर्मल’ आकड्याशी तुलना नको. तुमचा शॅम गट, म्हणजे कॅथेटर घातलं पण फुगा फुगवला नाही असा गट, त्याच दिवशी मोजा. ही इजा काही आठवड्यांत बरीचशी आपोआप भरून येते. त्या त्या दिवसाचा शॅम आणि उपचार न केलेला गट हाताशी नसेल, तर औषधाने गुण आला की दिवस गेल्यामुळे, हे कधीच कळणार नाही.

मुलुंडहून एका फिजिओथेरपिस्टचा प्रश्न: चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यावरून बायकांच्या त्रासाबद्दल काय कळणार?

उत्तर: सगळं नाही, हे मान्य. रॅटमध्ये पेल्व्हिक फ्लोअरवर (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर) आपल्यासारखा उभा भार पडत नाही. त्याची पिल्लं अगदी लहान असतात, त्यामुळे इजा मुद्दाम करावी लागते. आणखी एक मोठा फरक आहे. लघवी करताना माणसाचा बाहेरचा स्फिंक्टर (मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू) सैल पडतो, रॅटचा मात्र सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा आवळतो-सुटतो आणि त्याच्या जोरावर लघवी बाहेर पडते. म्हणून रॅटमध्ये स्फिंक्टरची इजा झाली की मूत्राशय नीट रिकामंही होत नाही. उरलेली लघवी मोजली नाही, तर भरून वाहणं आणि दाबाने गळणं यांची गल्लत होते.

पण बाळंतपणात प्युडेंडल नस (या स्फिंक्टरला चालवणारा मज्जातंतू) आणि स्फिंक्टर दोघांना एकत्र मार बसतो, तो कसा आणि किती वेगाने भरतो, हे बघायला हा प्राणी उपयोगी पडतो. स्त्रीच्या शरीरात नस चिरडून पाहता येत नाही. इथे फुग्याची इजा, नसेची इजा आणि दोन्ही मिळून, असे वेगळे गट करता येतात. सोबत स्फिंक्टरचा ईएमजी (स्नायूतल्या विद्युत संकेतांची नोंद) घेतला, तर दोष स्नायूचा की नसेचा, याचाही अंदाज येतो. तुम्ही शिकवता त्या पेल्व्हिक फ्लोअरच्या व्यायामांची परीक्षा मात्र रुग्णांवरच घ्यावी लागेल. रॅटला ‘आवळून धरा’ असं सांगता येत नाही.

दादरहून एका वाचकाचा प्रश्न: असे प्रयोग कुणीही करू शकतो का?

उत्तर: नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम लागू आहेत. संस्था केंद्राच्या समितीकडे नोंदलेली हवी (पूर्वीची सीपीसीएसईए, आता सीसीएसईए). रॅट-माऊसच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी लागते. प्राणी किती आणि तेवढेच का, भूल कोणती, वेदना कशी कमी करणार, हे सगळं अर्जात लिहावं लागतं.

विलेपार्ल्याहून एम.फार्मच्या विद्यार्थ्याचा प्रश्न: माऊसवर शस्त्रक्रिया टाळून नुसत्या फिल्टर पेपरवरच्या लघवीच्या डागांवर भागेल का?

उत्तर: वारंवारता आणि एका वेळचं प्रमाण कळेल, दाबाने होणारी गळती कळणार नाही. बारीक ठिपका म्हणजे गळती, असं धरून चालू नका. तो चालताना पसरलेला थेंबही असू शकतो, आणि नर असेल तर हद्द आखण्याची खूण. पद्धत म्हणून ती चांगलीच आहे: पिंजऱ्याच्या तळाशी पेपर, वर जाळी म्हणजे तो कुरतडला जात नाही, ४ तास पाणी बंद, मग अतिनील दिव्याखाली फोटो. त्याच गठ्ठ्यातल्या पेपरवर ५, २०, ५०, १०० मायक्रोलिटर माऊसची लघवी टाकून क्षेत्रफळाचा आलेख आधी बनवा. मुंबईच्या पावसाळ्यात दमट पेपरवर डाग वेगळा पसरतो आणि उशिरा वाळतो, त्यामुळे मे महिन्यातला आलेख जुलैत वापरू नका. प्राणीगृहातली आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांत राहते ना, हे हायग्रोमीटरवर रोज लिहून ठेवा आणि पेपर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.