शांग राजवंशाच्या काळातली (इ.स.पू. सुमारे १६०० ते १०४६) चिनी कांस्यभांडी मेणाच्या नमुन्याभोवती माती लावून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत ओतलेली आहेत का?

नाही, जवळजवळ सगळी मातीच्या तुकड्या-तुकड्यांच्या साच्यात ओतलेली आहेत. आधी भांड्याचा मातीचा नमुना करायचे, त्यावर माती थापून ती काप देऊन सोडवायचे, भाजायचे आणि आतल्या गाभ्याभोवती पुन्हा जुळवायचे. मधल्या फटीत तांबं, कथील आणि बहुधा शिसं यांचा रस. पुरावा भांड्यावरच असतो: दोन तुकड्यांच्या सांध्यात रस शिरून उठलेली बारीक उभी रेघ. घासली तरी कानाकोपऱ्यात बऱ्याचदा उरते. क्ष-किरण चित्रात भिंतीची जाडी राखायला ठेवलेले कांस्याचेच छोटे तुकडेही दिसतात. शिवाय शांगांची शेवटची राजधानी असलेल्या आन्यांगच्या ओतशाळांत साच्यांच्या खापऱ्यांचे ढीग निघाले आहेत. तिथलंच, १९३९ साली सापडलेलं सुमारे ८३२ किलोचं चौकोनी होउमूवू डिंग (डिंग म्हणजे पायांचं पात्र) याच पद्धतीचं.

एक अपवाद मात्र धरा, तोही शांगनंतरचा. हूपै प्रांतातल्या, झंग राज्याचा शासक मार्क्विस यी याच्या थडग्यातलं (इ.स.पू. सुमारे ४३३) जाळीदार मद्यपात्र आणि त्याखालचं तबक बरेच अभ्यासक मेण वितळवण्याच्या पद्धतीचं मानतात. काहींना तेही पटत नाही, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.