बोअर आटतेय म्हणून मागचा उतार ‘साफ’ करू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या सोसायटीची जुनी एजीएम (वार्षिक सभा) आठवली. नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून बोरिवलीत तुमची इमारत, मार्च उजाडला की बोअर हवा ओढायला लागते, आणि तुमची कमिटी म्हणते मागच्या उतारावरची झाडं काढून पेव्हर ब्लॉक बसवू, जोडीला आणखी खोल बोअर मारू. ‘जंगलाचा नि बोअरचा संबंध काय?’ हा तुमच्या सेक्रेटरींचा प्रश्न. आम्ही मुलुंडला, त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. मी भूजलतज्ज्ञ नाही, कमिटीत केस पिकलेला माणूस आहे. त्या हिशेबानेच घ्या.

परवानग्या, टँकरचे भाव यात शिरत नाही, ते तुम्हाला पाठच असणार.

आपल्याखाली काळा बेसाल्ट. अखंड कातळ पाणी धरत नाही, पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि तोही कोसळतो. तेवढ्यात मुरलं ते आपलं, उरलेलं नाल्याने खाडीला. जंगलात थेंबाचा मारा आधी पानांवर बसतो. खालचा पालापाचोळा पाणी थोपवतो, मग मुळांनी, गांडुळांनी, वाळवीने केलेल्या पोकळ्यांतून ते सावकाश खाली जातं. गाळ आणि बरीचशी घाण वरच्या मातीतच अडकते. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) या तलावांभोवतीचं रान पाणलोट म्हणून राखलं गेलं, ते उगाच नाही.

आता आमचं दुखणं. एका कार्यालयातून नोटीस आली की आवारात साठलेला पाला हा कचरा आहे, पावसाळ्याआधी हटवा नाहीतर दंड. उतारावरचा पाला तिथेच राहू द्या, असा अर्ज आम्ही दिला. साहेब म्हणाले, ‘फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.’ पुढच्या टेबलावर गेलो तर ‘हा विषय आमच्याकडे येत नाही.’ शेवटी गोण्या भरभरून पाला उचलला, खालची कारवीची रोपंही खराट्यासोबत गेली. जूनच्या पहिल्याच मोठ्या सरीत तांबडा चिखल गेटपर्यंत आला, गटाराच्या जाळ्या बुजल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात बोअरने होळीच्या आधीच हात वर केले. सगळा दोष पाल्याचा, असं छातीठोक म्हणणार नाही, पाऊसही लवकर थांबला होता. पण उघड्या मातीवर पाऊस आपटला की वरचा थर कसा चोपून घट्ट होतो आणि पाणी नुसतं घसरत जातं, ते खिडकीतून दिसत होतं. तोच साहेब नंतर चिखल बघायला आला आणि ‘काँक्रीट करून टाका’ म्हणून गेला!

उलट बाजूही सांगतो, नाहीतर कोणीतरी अंगावर येईल. झाडं पाणी पितातही. चार रोपं लावली की बोअर भरते असं काही नाही, आणि भराभर वाढतात म्हणून निलगिरी लावणं तर अजिबात नको. आहे ते मिश्र रान, झुडपांसकट आणि पाल्यासकट, तसंच राहू द्या. साप निघतात ही तक्रार येणारच. इमारतीलगत एक पट्टा झाडून घ्या, पुढचं सोडा.

खोल बोअरचं म्हणाल तर भेग लागली तर लागली, नाहीतर पैसे कातळात. पाणाड्या नारळ घेऊन फिरेल, त्याच्या भरवशावर तर मुळीच नको.

आणखी एक. ‘रिचार्ज’ म्हणून पार्किंगमधलं पाणी पाइपाने थेट बोअरमध्ये सोडायला कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मातीतून गाळून जे खाली जायला हवं ते तेल-ग्रीससकट सरळ खाली जाईल, आणि एकदा गेलं की काढणं आपल्या हातात नाही. गच्चीचं पाणी गाळणीतून शोषखड्ड्यात सोडा, खड्डा ड्रेनेज लाइनपासून लांब घ्या. बोअरचं पाणी एकदा लॅबमधून तपासून घ्या. फ्लशला वापरत असाल तरी घ्या, कोणीतरी त्याने भांडी विसळतच असतं.

उताराचा फोटो टाका. ड्रेनेज लाइन बोअरच्या वरच्या बाजूने जाते की खालच्या, तेही कळवा, मग खड्ड्याच्या जागेचं बोलू.