तीन पत्तीवाल्यांनी पोकरच्या टेबलावर काय बोलायचं?

मागच्या महिन्यात या पानावर दिवाळीतल्या पत्त्यांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला, आणि त्यातली निम्मी पोकरवरची. चार निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : मी ठाण्याची, वय ६२, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत आलेय. शुक्रवारी रात्री त्याचे मित्र जमतात आणि प्लॅस्टिकच्या चकत्या लावून पोकर खेळतात. पैसे नसतात, हरेल त्यानं पुढच्या शुक्रवारी जेवण आणायचं. तीन पत्ती मला येते, मेंढीकोटात तर मी कुणाला ऐकत नाही, पण इथे फ्लॉप, चेक, नट्स असलं काय काय चालतं आणि मध्येच विचारलं की मुलगा म्हणतो, आई थांब गं, हँड चालू आहे. मला शब्दांची यादी द्या, पाठ करते.

उत्तर : ताई, यादी नाही देणार. यादी पाठ करून बसलात तर फ्लॉपचा अर्थ आठवेपर्यंत रिव्हर येऊन गेलेली असेल. त्यापेक्षा एकच डाव शेवटपर्यंत बघू, शब्द ज्या क्रमानं कानावर पडतात त्याच क्रमानं डोक्यात बसतात. आणि खरा घोळ नवे शब्द घालतच नाहीत, घालतात ते आपल्याला आधीपासून येणारे. आता हेच बघा, मेंढीकोटात आपण म्हणतो "माझे पाच हात झाले", म्हणजे पाच वेळा पत्ते उचलले. पोकरमध्ये हँड म्हणजे तुमचे जमलेले पत्ते, आणि वाटण्यापासून निकालापर्यंतचा अख्खा डावही हँडच. मुलगा म्हणतो तो हा दुसरा.

दुसरा दगा देणारा शब्द ब्लाइंड. मी पहिल्यांदा बसले तेव्हा कुणीतरी म्हणालं, तू बिग ब्लाइंड, आणि मी शहाण्यासारखे दोन्ही पत्ते पालथे ठेवून दिले, बघितलेच नाहीत, कारण तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे न बघता चाल. चारजण माझ्याकडे बघतायत आणि मी आपली ऐटीत बसलेय. तर पोकरमधला ब्लाइंड म्हणजे पत्ते मिळायच्या आधी सक्तीनं टाकायच्या चकत्या. आपल्याकडे बूट (डावाआधी टाकायची रक्कम) सगळे टाकतात, इथे फक्त दोघं. (सगळ्यांनी टाकायची पद्धतही आहे, तिला अँटी म्हणतात, घरगुती खेळात सहसा नसते.)

आता डाव. सहा माणसं आहेत असं धरू. एक गोल पांढरी चकती असते, तिला बटन म्हणतात, ती ज्याच्यापुढे तो नावापुरता डीलर, आणि ती दर डावाला डावीकडे सरकते. बटन तुमच्या मुलाकडे आहे. त्याच्या डावीकडे सूनबाई, ती स्मॉल ब्लाइंड, टाकते १. तिच्या डावीकडे तुम्ही, बिग ब्लाइंड, टाकता २. पत्ते पिसले, प्रत्येकाला दोन-दोन पालथे वाटले, यांना होल कार्ड्स म्हणतात. तुम्हाला आलाय बदामाचा एक्का आणि बदामाची सत्ती.

बोलायची सुरुवात तुमच्या डावीकडच्यापासून. तो पत्ते पुढे सरकवतो, म्हणजे फोल्ड, आपलं पॅक. पुढचा २ टाकतो, म्हणजे कॉल, आहे तेवढी बोली भरली. (नुसतं असं भरून आत येण्याला लिंप म्हणतात, लंगडत आल्यासारखं, आणि ते जरा नाक मुरडूनच म्हणतात.) तिसरा फोल्ड. तुमचा मुलगा म्हणतो रेझ, आणि ८ टाकतो. सूनबाई फोल्ड, तिची १ चकती गेली ती गेली. तुमचे २ आधीच आत आहेत, तुम्ही ६ घालून कॉल करता, तो लंगडत आलेला आता फोल्ड करतो. मध्ये जमले १९, त्याला पॉट म्हणायचं. फेकलेल्या पत्त्यांचा ढीग म्हणजे मक, त्यातला पत्ता परत उचलायचा नसतो, अगदी चुकून फेकलात तरी.

मग टेबलाच्या मधोमध तीन पत्ते एकदम उघडे, हा फ्लॉप. हे सगळ्यांचे सामाईक, तीन पत्तीवाल्याला इथेच चुकल्याचुकल्यासारखं होतं. आलंय बदामाचा राजा, बदामाची तिर्री, इस्पिकची नव्वी. तुमचे दोन बदाम, खालचे दोन, झाले चार. पाचवा आला की फ्लश, म्हणजे आपला कलर. सध्या तुमच्याकडे काहीच नाही, नुसता एक्का आहे, पण ड्रॉ आहे, वाट बघण्यासारखी जागा. गड्डीत १३ बदाम, ४ दिसले, उरले ९. या नऊ पत्त्यांना आउट्स म्हणतात. तोंडी हिशोब सोपा आहे, दोन पत्ते यायचे असतील तर आउट्स गुणिले चार, एक यायचा असेल तर गुणिले दोन, येतात तेवढे टक्के. इथे ३६, खरं उत्तर साधारण ३५. वाण्याच्या हिशोबाला एवढा फरक चालतो.

फ्लॉपनंतर आधी बोलायचं बटनच्या डावीकडच्यानं, सूनबाई गेली म्हणून तुम्ही. तुम्ही टेबलावर बोटानं टकटक करता, म्हणजे चेक, "मी काही टाकत नाही, पण आहे". तीन पत्तीत याला शब्दच नाही, कारण तिथे फुकट बसताच येत नाही. लक्षात ठेवा, कुणी बोली लावलेली नसेल तरच चेक, लावली असेल तर कॉल, रेझ नाहीतर फोल्ड. मुलगा १० टाकतो, पहिली बोली म्हणून याचं नाव बेट. तुम्ही कॉल. पॉट ३९.

चौथा पत्ता टर्न, किलवरचा गुलाम, काही उपयोग नाही. तुम्ही टकटक, तोही टकटक.

पाचवा पत्ता रिव्हर. बदामाची दुर्री! आता तुमच्याकडे एक्क्याचा कलर आहे, आणि खाली जोडी नाही म्हणजे कुणाकडे फुल हाउस (तीन सारखे आणि वर एक जोडी) असूच शकत नाही. या घडीला या पत्त्यांवर याच्यापेक्षा मोठं काही होतच नाही, त्याला म्हणतात नट्स. शेंगदाण्यांचा संबंध नाही, मीही वाटी पुढे केली होती. तुम्ही २० टाकता. मुलगा पाच मिनिटं छताकडे बघतो आणि कॉल करतो. आता शोडाउन. आपल्याकडे शो मागावा लागतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात, इथे तो आपोआप होतो, आणि शेवटची बेट ज्याची त्यानं आधी दाखवायचं, म्हणजे तुम्ही. त्याच्याकडे राजा-राणी होती, राजाची जोडी झालेली. ७९ चकत्या ओढून घ्या आणि पुढच्या शुक्रवारी काय खायचं ते सांगून टाका.

याच डावात तुमच्याकडे राजा-दश्शी असती तर? दोघांनाही राजाची जोडी, मग बाजूचा पत्ता बघायचा, त्याची राणी तुमच्या दश्शीहून आणि खालच्या गुलामाहूनही मोठी, तो जिंकला. या बाजूच्या पत्त्याला किकर म्हणतात. नवी माणसं हरतात ती निम्मी याच्यावरच.

अजून एकच सांगते. रेझ करायचा असेल तर आधी तोंडानं "रेझ" म्हणा, मग चकत्या टाका. आधी कॉलपुरत्या टाकून मग परत हात घालून वाढवलं तर त्याला स्ट्रिंग बेट म्हणतात आणि पहिलंच धरतात. आणि तोंडातून गेलेला शब्द बांधील असतो, सहज म्हणून "ऑल-इन" म्हणालात तर समोरच्या सगळ्या चकत्या गेल्या आत.

प्रश्न : हॉस्टेलवर भांडण झालंय. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये मात्र फ्लश स्ट्रेटपेक्षा मोठा म्हणतात. मित्र म्हणतो अमेरिकनांनी उगाच उलटं केलं. बरोबर कोण? (पुणे)

उत्तर : दोन्ही खेळ बरोबर, आणि उगाच कुणीच केलेलं नाही, मोजून बघा ना, इंजिनिअरिंगला आहात. ५२ पत्त्यांतून तीन उचलायचे तर २२,१०० प्रकार होतात. त्यात साधा सिक्वेन्स ७२० वेळा, कलर १,०९६ वेळा. जे कमी वेळा येतं ते मोठं, म्हणून सिक्वेन्स वर. पाच पत्ते उचलले तर प्रकार २५,९८,९६०, त्यात स्ट्रेट, म्हणजे आपला सिक्वेन्स, १०,२०० आणि फ्लश फक्त ५,१०८. एका रंगाचे तीन मिळणं सोपं, पाच मिळवताना दमछाक होते, म्हणून इथे पारडं फिरलं. होल्डेममध्ये (वर ताईंना सांगितला तोच खेळ) सातातले पाच निवडतो तरी क्रम तोच राहतो.

आता गंमत अशी की गणितानं जायचं तर आपल्या तीन पत्तीतच एक चूक आहे. ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे) ५२ वेळा येते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा) ४८ वेळा, तरी ट्रेल मोठी! तीन एक्के बघून जो आवाज निघतो त्याच्यापुढे गणित कोण विचारतंय.

अजून दोन ठिकाणी सांभाळा. एक्का-दुर्री-तिर्री आपल्याकडे बहुतेक घरांत दोन नंबरचा सिक्वेन्स, पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान स्ट्रेट, त्याला व्हील म्हणतात. आणि इस्पिक मोठं, बदाम लहान असलं काही पोकरमध्ये नाही. सारखं जमलं तर पॉट अर्धा-अर्धा, स्प्लिट. हॉस्टेलवर यावरून दुसरं भांडण होणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

प्रश्न : ऑफिसच्या पिकनिकला पोकर खेळलो तर एकजण मला सारखा फिश म्हणत होता आणि हरल्यावर दुसऱ्याला म्हणाला, तू टिल्ट झालास. ही शिवी आहे का? (नाशिक)

उत्तर : फिश म्हणजे नवखा, आपण बकरा म्हणतो तोच, आणि टेबलावर तोंडावर म्हणणं हे वाईटच. टिल्ट म्हणजे हरल्याच्या रागात वाट्टेल तसं खेळणं. शब्द आलाय पिनबॉलच्या मशीनवरून, ते रागानं हलवलं की मशीनवर टिल्ट असं लागायचं आणि खेळ बंद पडायचा. टिल्टला कारण लागतं, बहुतेक वेळा ते बॅड बीट असतं. तुमचे दोन एक्के, समोर दोन राजे, सगळं आत गेलंय, शंभरातून ऐंशीच्या वर वेळा तुम्ही जिंकता, आणि रिव्हरला तिसरा राजा. हे बॅड बीट. दोघांकडेही जबरदस्त पत्ते होते आणि कुणीही खेळलं असतं तरी हरलंच असतं तर तो कूलर. लोक प्रत्येक हरण्याला बॅड बीट म्हणतात आणि जेवतानाही सांगत बसतात, ऐकून घ्या, मीठ वाढा.

प्रश्न : सराव करायला कुठलं ॲप घेऊ? थोडे पैसे लावले तर चालतील? आणि गोव्याला गेल्यावर खेळलो तर? (कोल्हापूर)

उत्तर : ॲपवर पैसे लावायचा विषय संपलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचा की नशिबाचा हा वादच त्यात ठेवलेला नाही, आणि मोठ्या ॲप्सनी लगेच पैशांचे टेबल काढून टाकले. फुकटच्या चकत्यांवर शिका, शब्द तेच असतात. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर जाणार असाल तर एक शब्द जाण्याआधी शिका, रेक. प्रत्येक मोठ्या पॉटमधून कॅसिनो थोडं काढून घेतो ते. तीन पत्तीच्या अड्ड्यावर जी नाल काढतात ना, तीच ही. समोरच्याला हरवलंत तरी रेक पुरून उरेल एवढं हरवावं लागतं, ही गोष्ट फ्लॉप-टर्नच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

जाता जाता, सोलापूरच्या एका वाचकानं पत्त्यांची टोपणनावं विचारलीत. दोन राण्या लेडीज, दोन राजे काउबॉइज, दोन गुलाम हुक्स, कारण इंग्रजी जे गळासारखा दिसतो. दश्शी-दुर्रीला डॉयल ब्रन्सन म्हणतात, या माणसानं १९७६ आणि १९७७ अशी दोन्ही वर्षं लास वेगासची वर्ल्ड सिरीज शेवटच्या डावात याच पत्त्यांवर जिंकली. (तुम्हाला आली तर फोल्ड करा, तो डॉयल ब्रन्सन होता.) दोन अठ्ठ्यांना स्नोमेन म्हणतात, इंग्रजी आठ बर्फाच्या बाहुल्यासारखा म्हणून. आता आपला ८ बघा, त्यात बाहुला कुठून दिसणार, आमच्या टेबलावर एक आजोबा त्या जोडीला "दोन छपरं" म्हणतात आणि आता सगळेच म्हणतात.