सोर्स गेला, ईएक्सई उरली

प्रश्न : आमच्या भागातल्या काही पतसंस्थांना मी व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत कर्ज-ठेवींचा प्रोग्राम करून दिला आहे. परवा माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली. संस्थांच्या डाटाचा बॅकअप रोज पेनड्राइव्हवर होतो, पण सोर्स, म्हणजे मी लिहिलेला मूळ कोड, फक्त त्याच डिस्कवर होता. हाती आहे ती ईएक्सई, म्हणजे त्यातून तयार झालेली चालणारी फाइल. डिस्क रिकव्हरीवाल्याकडे द्यावी, की ईएक्सईतून सोर्स निघेल?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : फॉक्सप्रोत लिहिलंत, हे नशीब समजा. हेच व्हीबी (व्हिज्युअल बेसिक) सिक्समध्ये नेटिव्ह कोड, म्हणजे थेट मशीन कोड, म्हणून कंपाइल केलं असतंत, तर फॉर्म परत मिळाले असते आणि आतल्या कोडच्या जागी असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या एकेक सूचना, वाचत बसावं लागलं असतं. फॉक्सप्रोच्या ईएक्सईत तुमच्या प्रोग्रामचा मशीन कोड नसतोच. फॉक्सप्रोचं रनटाइम (प्रोग्राम चालवणारा भाग) जो वाचत जातो तो पी-कोड, म्हणजे अधलामधला कोड, असतो आणि त्यात व्हेरिएबलची नावंसुद्धा शाबूत असतात. रेफॉक्ससारखा डीकंपायलर (ईएक्सईतून कोड परत काढणारं सॉफ्टवेअर) त्यातून प्रोग्राम, फॉर्म, रिपोर्ट वेगळे काढून देतो. मात्र ईएक्सईला डीकंपाइल होऊ नये म्हणून तुम्हीच कुलूप घातलं असेल, तर गाडं अडेल.

परत येत नाहीत त्या कॉमेंट्स, म्हणजे कोडमध्ये स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा. थकबाकीवर दंड लावताना सात दिवस सोडायचे, एवढं कोडमध्ये दिसेल. ते कोणत्या संस्थेच्या कोणत्या ठरावामुळे, हे कॉमेंटमध्ये लिहिलं असेल तर ते गेलं. हॅश डिफाइनने ठरावीक आकड्यांना दिलेली नावंही जातात. ‘दंडदर’ असं नाव दिलं असेल, तर जिथं तिथं नुसता २ उरेल, आणि कुठला २ दंडाचा, कुठला दशांशस्थळांचा, हे तुम्हालाच ओळखावं लागेल. आठवण ताजी आहे तोवर हे काम उरका.

डिस्कचं म्हणाल तर लॅबचा खर्च मी आधी करणार नाही. टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा चालू करू नका, काढून ठेवा. चालत असेल तर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तिच्यावरच टाकू नका. (चुकून डिलीट झालेल्या फाइल एसएसडीवर असत्या, तर ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा एसएसडी स्वतःच मोकळी करते ती सोय) आशा जवळपास सोडावी लागली असती.)

लॅबचा विचार करण्याआधी प्रत्येक संस्थेत जाऊन तिथली ईएक्सई उचला. एकीकडे व्याजाची दुरुस्ती झालेली असते, दुसरीकडे नाही. आपल्या धंद्यात हे असंच चालतं. जुन्या मेलमध्ये पाठवलेल्या झिप आणि एडिटरने आपोआप ठेवलेल्या जुन्या प्रतींच्या बॅक (.bak) फाइलही धुंडाळा.

पुढच्यासाठी एक गोष्ट फॉक्सप्रोवाले हमखास विसरतात. फॉर्मच्या एससीएक्स फाइलसोबत तिची जोडीदार एससीटी घ्यायचीच. फॉर्मचा कोड त्या मेमो फाइलमध्ये असतो. नुसती एससीएक्स कॉपी केलीत तर फॉर्म उघडणारही नाही. क्लासची व्हीसीटी आणि रिपोर्टची एफआरटी यांचंही तेच. कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट वापरा, पण या बायनरी फाइलमधला फरक त्यात वाचता येत नाही, म्हणून फॉक्सबिनटूपीआरजी या टूलने त्यांचं टेक्स्ट करून तेही ठेवा. एक कॉपी घराबाहेर असू द्या.

मग ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून तिथं प्रोजेक्ट बिल्ड करा (कोडमधून ईएक्सई तयार करा), एखाद्या जुन्या कर्जखात्याचं व्याज काढा आणि संस्थेच्या छापील उताऱ्याशी ताळा करून बघा. रेफॉक्समधून निघालेल्या कोडलाही हीच परीक्षा लावा, आणि ती पास होईपर्यंत संस्थांमधल्या चालू ईएक्सईला हात लावू नका.